पडद्याबाहेरचं बटण

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११

डोळ्यांच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन. नवे कॉम्प्युटर आले, पाच. त्यांवर आपला प्रोग्राम नीट दिसत नाही म्हणे. काउंटरवर फॉर्मचा खालचा भाग स्क्रीनच्या बाहेर जातो, 'सेव्ह'चं बटण दिसतच नाही. आणि डॉक्टरांच्या खोलीतला स्क्रीन एवढा मोठा की फॉर्म वरच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटून बसतो.

अठरा वर्षं हा प्रोग्राम चालू आहे. पेशंटची नोंदणी, चष्म्याचे नंबर, ऑपरेशनच्या तारखा, सगळं त्यावर. मी एकट्याने लिहिलेला. आता बाकीची गिऱ्हाइकं गेली, हा एकच दवाखाना उरलाय. त्यामुळे एकाग्रता साधते.

डॉक्टर म्हणाले, एका कंपनीचा माणूस त्यांचा नवा प्रोग्राम दाखवून गेलाय. महिनाअखेरपर्यंत आपला दुरुस्त झाला तर ठीक, नाहीतर मार्चपासून त्यांचा. मी म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे. जरा हसूनच म्हटलं. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले की आलात की डोळेही दाखवून घ्या, पाच वर्षं झाली. मी हो हो म्हटलं.

आजपासून ही रोजनिशी. संकल्प: कामाची रोज नोंद. सकाळी चालणं. चिडायचं नाही. हिने चहाचा कप कुठेही ठेवला तरी चिडायचं नाही. (आज पुन्हा न सांगता उजव्या हाताशी ठेवला. सांडला. मी काही बोललो नाही. फक्त दोनदा सांगितलं.)

३ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात जाऊन आलो. काउंटरवरचा स्क्रीन रुंदीला ऐसपैस, उंचीला बुटका. त्यात अक्षरं सव्वापट करून ठेवलेली. मी फॉर्म बनवले तेव्हा सगळ्यांचे स्क्रीन एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट होते. कुठला रकाना कुठे बसणार ते मी मोजून ठरवलं होतं. डावीकडून इतकं, वरून इतकं. माझे रकाने अठरा वर्षांत जागचे हलले नाहीत. हलले ते स्क्रीन.

काउंटरवरच्या बाईंनी बटणाशिवाय सेव्ह करायची युक्ती काढली आहे. शेवटचा रकाना भरला की टॅब सात वेळा दाबायचं, मग एंटर. सातव्या टॅबला न दिसणाऱ्या 'सेव्ह'वर पोचतं. सहाव्याला 'रद्द' आहे. म्हणून त्या ओठ हलवत मोजतात, आणि मधे पेशंटने काही विचारलं तर हात वर करून त्याला थांबवतात. मला हसू आलं. चांगला उजेडात चालणारा प्रोग्राम, आणि ही चाचपणी. मी समजावलं की चूक स्क्रीनची आहे, माझ्या स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं. बाई म्हणाल्या, पण सर, तुमचा स्क्रीन तुमच्या घरी असतो ना. बाई हुशार आहेत, पण टेक्निकल विचार नाही.

येताना एक सायकलवाला उजवीकडून अंगावर आला. घंटी नाही, काही नाही. त्याचं म्हणणं, तीनदा वाजवली.

४ फेब्रुवारी, बुधवार

सूत्र सापडलं. नवा स्क्रीन भागिले जुना स्क्रीन. जो आकडा येईल त्याने प्रत्येक गोष्टीला गुणायचं. डावी बाजू, वरची बाजू, रुंदी, उंची, अक्षरं. फॉर्म उघडला की प्रोग्राम स्वतःच स्क्रीन मोजणार आणि गुणून मोकळा होणार. फॉर्म त्रेचाळीस, सूत्र एक. उद्या संपतंय.

लेकीला फोनवर सांगितलं. ती दुसऱ्या गावी याच धंद्यात आहे. म्हणाली, बाबा, गुणाकाराच्या नादी लागू नकोस, प्रत्येक रकान्याने कुठली कड धरून राहायचं तेवढं सांग, खिडकी मोठी झाली की तो कडेबरोबर सरकेल. नव्या साधनांत हे तयार मिळतं म्हणे. मी म्हटलं, कड धरून राहायला माझे रकाने काय पोहायला शिकतायत? ती हसली नाही. विचारलं, डोळे दाखवलेस का. हिने काहीतरी कानावर घातलेलं दिसतंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

संपलं नाही. पण पाया भक्कम होतोय.

कोड चाळताना एक जुनी ओळ दिसली. दवाखाना दर महिन्याला एक यादी काढतो, फेरतपासणी राहून गेलेल्या पेशंटांची. बाई त्यांना फोन करतात. त्या यादीतून क्रमांक ४१७ वगळावा, अशी ती ओळ. पाच वर्षांपूर्वीची. ४१७ म्हणजे मी. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यांतलं प्रेशर थोडं जास्त आहे, सहा महिन्यांनी नक्की या. ('थोडं' हा शब्द त्यांचा की माझा, आता आठवत नाही.) सहा महिन्यांनी नेमकं एक मोठं काम निघालं. मग बाईंचे फोन सुरू झाले. आपणच लिहिलेल्या प्रोग्रामने आपल्यालाच छळायचं, याला काही अर्थ नाही. शिवाय माझं रेकॉर्ड म्हणजे तसं चाचणीपुरतंच.

ओळ राहू दिली. चालत्या कोडला हात लावू नये.

७ फेब्रुवारी, शनिवार

बसवून आलो. एक किरकोळ गोष्ट राहिली. मी रुंदीचा आकडा उंचीलाही लावला. स्क्रीन रुंद असल्यामुळे आकडा मोठा, त्यामुळे उंचीही तेवढीच वाढली, आणि 'सेव्ह' आधी स्क्रीनच्या थोडं खाली होतं ते आता तळमजल्यावर गेलं. बाईंनी टॅब मोजले. सातच. म्हणाल्या, हे तरी बदललं नाही ते बरं.

डॉक्टरांच्या खोलीत मात्र फॉर्मने अख्खा स्क्रीन भरला. डॉक्टर खूश दिसले. ते माझ्या उजवीकडे उभे होते, त्यांनी पुढे केलेला हात मला दिसला नाही. दिवा चुकीच्या जागी आहे त्या खोलीत.

८ फेब्रुवारी, रविवार

लेकीची सूचना: घरच्याच स्क्रीनचं रिझोल्यूशन बदलून बघ, म्हणजे दवाखान्यात काय दिसतं ते घरी दिसेल. बदललं. अक्षरं मुंग्यांएवढी झाली. अर्ध्या तासात डोकं धरलं. परत एक हजार चोवीसवर आलो. एवढी बारीक अक्षरं माणसांनी वाचण्यासाठी नसतातच, ती जाहिरातीत दाखवण्यासाठी असतात.

हिचं म्हणणं, मी नाक स्क्रीनला लावून बसतो. ही एकाग्रता आहे, असं समजावलं. ती कप घेऊन आली आणि माझा हात धरून कपावर ठेवला. लहान मुलाला देतात तसा. मला ते आवडलं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

महत्त्वाचा दिवस. रुंदीला वेगळा आकडा, उंचीला वेगळा. शिवाय फॉर्मला नवं रूप दिलं. 'सेव्ह' मधून काढून खाली उजव्या कोपऱ्यात नेलं, हल्ली तशी पद्धत आहे. बटणही नव्या फॅशनचं केलं, सपाट, फिकट राखाडीवर फिकट राखाडी. डौलदार. घरी उत्तम दिसलं, नाक लावून खात्री केली.

दुपारी एकला काउंटरवर बसवलं. फॉर्म उघडला. मी एका नजरेत अख्खा फॉर्म टिपतो, इतक्या वर्षांची सवय. बटण नाही.

पुन्हा उघडला. नाही.

बाई मागून डोकावल्या आणि म्हणाल्या, आता छान झालं हो सर. टोमणा. तोही पेशंटांसमोर. मी दोन दिवस आणखी मागितले, तर त्यांनी साळसूद चेहऱ्याने विचारलं की अजून काय करायचंय? मी चहा न घेता निघालो. कोणत्याही गोष्टीला मर्यादा असते.

११ फेब्रुवारी, बुधवार

कारण कळलं. स्क्रीनच्या तळाशी ती घड्याळाची पट्टी असते. बटण तिच्याखाली दडलं असणार. पट्टीची उंची वजा केली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पट्टी नव्हे. बटण अजूनही नाही. बाई टॅब मोजत नव्हत्या, माउस हलवत होत्या, पण मला बघून थांबल्या आणि हसल्या. माझ्या अपयशाचा दवाखान्यात तमाशा झालेला आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सव्वापट अक्षरांचा संशय. रात्रंदिवस तोच विचार.

सकाळी कपाटाच्या उघड्या दाराला खांदा लागला. ही म्हणते, दार मगापासून उघडंच होतं. संध्याकाळी मोरीच्या उंबऱ्याला ठेच. घरातल्या वस्तू एकाएकी मधे यायला लागल्या आहेत.

वडील, म्हणजे अण्णा, शेवटी शेवटी भिंतीला हात लावून चालायचे. भिंतीवर त्यांच्या बोटांचा एक काळपट पट्टा उमटला होता, कमरेच्या उंचीवर, त्यांच्या खोलीपासून मोरीपर्यंत. रंगवला तरी पुन्हा यायचा. मी चिडायचो. ते वय होतं, वयामुळे होतं तसं. मी छप्पन्नचा आहे.

आज काम झालं नाही. आज भीती वाटली. कारण नाही, उगाच.

१६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२

डॉक्टरांचा फोन. म्हणाले, झालं वाटतं काम, बाई सांगत होत्या. मग राहू दे आपलाच प्रोग्राम, मी त्या कंपनीला नको म्हणून कळवतो.

मग लक्षात आलं. सज्जन माणूस आहे. अठरा वर्षांचा संबंध, तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून अर्धवट कामच गोड मानून घेतोय. मला दया नको. मी सांगितलं की डॉक्टर, तुम्ही मोठ्या मनाने म्हणताय, पण बटण दिसत नसताना झालं म्हणणाऱ्यांतला मी नाही. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर. पुरं करूनच दाखवतो. ते म्हणाले, बटण दिसत नाही? मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे.

मग त्यांनी पुन्हा डोळ्यांचं काढलं. हा माणूस कुठलंही बोलणं डोळ्यांवर आणतो. धंद्याचा परिणाम.

फोन ठेवल्यावर स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आता कोपऱ्यात कोंडलंय त्याला. फॉर्म उघडताना एकदाच गुणाकार करणं हीच चूक होती. आता फॉर्म उघडला, मोठा केला, लहान केला, खाली ठेवून परत वर आणला, कधीही आकार हलला की लगेच गुणाकार होणार. बटणाला पळायला जागाच नाही.

घरी एकदा उघडून पाहिलं. चोख. डोळ्यांत तेल घालून तपासलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ९

बसवून आलो. बटण पाहायला थांबलो नाही. सूत्रावर विश्वास हवा.

त्याच दिवशी, दुपारी ३

बाईंचा फोन, पहिला साडेदहाला. रकाने वाढतायत म्हणाल्या. मी म्हटलं, वाढणारच, त्यासाठीच केलंय. दुसरा सव्वाअकराला. तिसरा बाराला, तेव्हा आवाज वेगळा होता.

झालं असं की प्रत्येक वेळी खिडकी हलली की सूत्र लागायचं, पण मूळ मापाला नाही. आधीच वाढलेल्या मापाला. सकाळी नऊपासून बाई फॉर्म उघडतायत, मिटतायत, आणि दर खेपेला सगळं सव्वापट. साडेअकराला 'पेशंटचं नाव' अर्ध्या स्क्रीनएवढं. पावणेबाराला स्क्रीनवर दुसरं काहीच नाही, फक्त 'रद्द', दारासारखं. कुठेही माउस लावला तरी 'रद्द'. अकरा पेशंटांच्या आजच्या नोंदी गेल्या.

त्यांत एक आजी होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन, सकाळपासून उपाशी. यादीत त्यांचं नावच राहिलं नाही, म्हणून त्यांना कुणी आत बोलावलं नाही. दोनपर्यंत बाकावर बसून होत्या. विचारलं नाही त्यांनी. नंबर आला की बोलावतील म्हणाल्या. ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं.

तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर सूत्र चालत होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

तांत्रिकदृष्ट्या पाहण्यात अर्थ नाही. त्या आजी उपाशी बसल्या होत्या. जेवलो नाही. हिने दोनदा विचारलं, मग ताट झाकून ठेवलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दुरुस्ती तयार. मूळ माप आधी लिहून ठेवायचं आणि कायम त्यालाच गुणायचं. चार ओळी. या चार ओळी गेल्या बुधवारी सुचल्या असत्या तर.

डॉक्टरांचा निरोप, बाईंमार्फत: नवं काही बसवू नका, दहा तारखेला बसवलं होतं तेच परत आणा.

दहा तारखेचं! ज्यात बटणच नाही! त्यांना काय हवंय तेच त्यांना कळत नाही. सोमवारी स्वतः जातो, दहा तारखेचं बसवतो आणि सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवतो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

लिहायचं नव्हतं. पण रोज नोंद असा संकल्प आहे.

गेलो. दहा तारखेचं बसवलं. काउंटरवर फॉर्म उघडला. बाई शेजारी, दोन पेशंट पलीकडे. मी म्हटलं, बघा. कुठे आहे सेव्ह?

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग त्यांनी हात लांब केला. तो माझ्या नजरेतून गेला. म्हणजे हात होता आणि मग नव्हता. काचेवर बोट टेकल्याचा आवाज आला.

"हे काय, सर. इथंच आहे."

मी मान वळवली. बोट दिसलं. बोटाखाली बटण. सपाट, राखाडी, डौलदार. खाली उजव्या कोपऱ्यात, मी ठेवलं होतं तिथं. मान सरळ केली. गेलं. वळवली. आलं.

बाई हळू आवाजात म्हणाल्या की दहा तारखेपासून त्या तेच बटण दाबत होत्या. टॅब त्याच दिवशी सोडले. त्यांना वाटलं, मी उगाच आणखी झिलई करतोय. छान झालं म्हणाल्या होत्या ते छान झालं म्हणूनच.

म्हणजे दहा तारखेला काम झालं होतं. सोळाला डॉक्टरांनी तसं सांगितलंही. एकोणीसचं सगळं, त्या आजी, सगळं मी झालेल्या कामावर केलं.

डॉक्टर दारात उभे होते. कधीपासून, माहीत नाही. दार माझ्या उजवीकडे आहे. ते आत आले, माझा दंड धरला आणि त्यांच्या खोलीतल्या खुर्चीत नेऊन बसवलं. मी म्हटलं, आज जरा घाई आहे. ते म्हणाले, "पाच वर्षं मी तुमची वाट बघतोय."

बाईंनी माझं रेकॉर्ड काढलं. त्यांना नवल वाटत होतं. म्हणाल्या, दर महिन्याला मी यादी काढते, एकेकाला फोन करते, तुमचं नाव कधी आलंच नाही. मला वाटलं, तुम्ही दुसरीकडे दाखवता.

मी म्हटलं, असं का? बघायला पाहिजे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नजरेच्या परिघाची तपासणी. मोठ्या वाडग्यासारखं पांढरं मशीन. हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मशीन बाईच चालवतात, हे मला अठरा वर्षांत माहीत नव्हतं.

सुरुवातीला दिवे भराभर आले. मी भराभर बटण दाबलं. मग मधे मोठा खंड पडला. मी थांबलो. एकदोन आले. पुन्हा खंड, पहिल्यापेक्षा लांब. मशीन अडकलं असणार. मी डोकं न हलवता बाईंना सांगितलं की यांच्या प्रोग्रामचंही तेच दिसतंय, ठिपके स्क्रीनच्या बाहेर पडतायत, मापं चुकली आहेत. कंपनीला कळवा.

बाईंनी पट्टी दुसऱ्या डोळ्यावर लावली. दुसऱ्या डोळ्यालाही तसंच झालं. मी पुन्हा सांगितलं.

मशीन थांबल्यावर त्यांनी माझ्या डोळ्यावरची पट्टी काढली. "दिवे येतच होते, सर," त्या म्हणाल्या. "सगळा वेळ येत होते."

कागद निघाला. दोन गोल. मधे पांढरे, कडेने काळे. उजवा जास्त. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, प्रेशरने नजरेच्या कडा आधी खाल्ल्या जातात, मधलं शेवटी जातं, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखता येतं, थेंब रोज घातले तर, जन्मभर. पाच वर्षांपूर्वी, असं म्हणून ते थांबले आणि चिठ्ठी लिहायला लागले.

मी विचारलं, अण्णांनाही हेच असेल का. ते म्हणाले, बहुतेक.

घरी आल्यावर हिला कागद दाखवला. ती बराच वेळ दोन्ही गोल बघत होती. मग म्हणाली की तरीच कप. आणि रडली. मी तिला चिडून किती वेळा बोललो, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही, तिच्याकडे असेल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आजींचं ऑपरेशन झालं. बाईंनी मुद्दाम फोन करून कळवलं. बरं वाटलं, या महिन्यात पहिल्यांदा.

डॉक्टर स्वतः बोलले. सोमवारपासून कंपनीचा प्रोग्राम. दहा तारखेचा चालला असता, पण एकोणीसनंतर त्यांचं धाडस होत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. असं वाक्य मी त्यांच्याशी अठरा वर्षांत पहिल्यांदा बोललो असेन.

थेंब मी स्वतः घालणार. सकाळ-संध्याकाळ. पहिले तीन गालावर पडले. चौथा हिने घातला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लेक दिवसभरासाठी आली. आल्या आल्या माझ्या स्क्रीनचं रिझोल्यूशन खरं होतं तेवढं केलं आणि अक्षरं दीडपट. वाचायला मोठं आणि धारदार. एक हजार चोवीसवर अक्षरं मोठी पण पुसट दिसायची, हे मला आज कळलं. मग तिने एक फॉर्म घेऊन प्रत्येक रकान्याला त्याची कड लावून दिली. खिडकी ओढली की रकाने ताणले जात होते, बटण कोपऱ्याला धरून सरकत होतं. एका फॉर्मला वीस मिनिटं. मी पोहण्याचा विनोद पुन्हा केला. या वेळी ती हसली, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

कोड चाळताना ती ४१७च्या ओळीशी थांबली. मला वाटलं, आता विचारेल. ती पुढच्या ओळींकडे सरकली.

जाताना दारात म्हणाली, बाबा, दर आठवड्याला मी फोन करणार आणि थेंबांचं विचारणार, चिडायचं नाही. मी म्हटलं, तसा संकल्पच आहे माझा.

२ मार्च, सोमवार. दुपारी ४

कंपनीचा प्रोग्राम आज सुरू झाला. सकाळी साडेनऊला माझ्या मोबाइलवर निरोप. हिने वाचून दाखवला: पेशंट क्रमांक ४१७, आपली फेरतपासणी पंधरा एप्रिलला आहे. त्यांच्याकडे ती ओळ नाही.

ही थेंब आणायला गेली आहे. घरात मी एकटा. माझा प्रोग्राम उघडला, लेकीने हात न लावलेला, जुना, दवाखान्याच्या नोंदींच्या प्रतीसकट. ४१७ची ओळ काढली. फेरतपासणी राहिलेल्यांची यादी काढून पाहिली. दोनशे बारा नावं. ज्याची जास्त दिवस राहिली तो वर, असा क्रम मीच लावला होता. पहिलं नाव माझं.

मग माझं रेकॉर्ड उघडलं आणि पुढच्या तपासणीच्या रकान्यात पंधरा एप्रिल भरलं. हे आता कुणी वाचणार नाही, पण नोंद अपुरी ठेवू नये. सेव्ह करायला गेलो. बटण नाही. दीडपट अक्षरांमुळे खाली गेलं असेल. किंवा असेल तिथंच. मान वळवून शोधलं नाही, आणि विचारायला घरात कुणी नव्हतं.

टॅब मोजून सात वेळा दाबलं. ओठ हलवत. मग एंटर.

'नोंद झाली' असा निरोप आला, स्क्रीनच्या बरोबर मधे. मधलं मला अजून सगळं स्पष्ट दिसतं.